नाव्हारचें राज्य आणि राजाची शपथ

जुन्या गोव्यांतील बॉम जेझूस देवालयांत चांदीच्या पेटींत ज्या पुरुषाचा देह ठेविलेला आहे, त्याचें नांव निदान गोमंतकांत व कोंकणांत तरी कोणास सांगावें लागत नाहीं. फ्रान्सिस झेवियर ता. ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरला तो पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयानें. त्यामुळें तो पोर्तुगीज होता असा पुष्कळांचा समज असतो. थोडे अधिक वाचलेले लोक त्यास स्पॅनिश म्हणतात. पण १५०६ सालीं तो जन्मला तेव्हां त्याची जन्मभूमि यांपैकीं कोणत्याच राजाची नव्हती. पिरेनीज पर्वताच्या कुशींत नाव्हार नांवाचें एक लहानसें स्वतंत्र राज्य त्या वेळीं नांदत होतें, आणि झेवियरचा पिता, बोलोन्याच्या विद्यापीठांत कायदा शिकलेला डॉक्टर हुआन दे हासो, हा त्या राज्याच्या राजमंडळाचा अध्यक्ष होता. मुलगा सहा वर्षांचा असतां तें राज्य बुडालें. दहा वर्षांचा असतां विजेत्यांनीं त्याच्या घराचे बुरूज पाडले. झेवियरच्या धर्मकार्याचा विचार हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. ज्या राज्यांतून तो आला तें कसें होतें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

आमच्या कॉलेजांतून युरोपचा इतिहास शिकविला जातो तो बव्हंशीं मोठ्या राष्ट्रांचा. मी स्वतः पंचवीस वर्षें हा विषय शिकवीत आलों. परंतु माझ्या व्याख्यानांत नाव्हारचें नांव दोनदांच येत असे. एकदां शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी कापली गेली तेव्हां, आणि दुसऱ्यांदां नाव्हारचा हेन्री फ्रान्सच्या गादीवर बसला तेव्हां. मधलीं आठशें वर्षें कोरींच राहत. एका विद्यार्थ्यानें एकदां सहज विचारलें कीं, फ्रान्स, कॅस्टील व आरागॉन यांच्यासारखे शेजारी असतां एवढेंसें राज्य टिकलें तरी कसें? त्या वेळीं डोंगराळ प्रदेशाचें ठरीव उत्तर देऊन मीं वेळ मारून नेली. पुढें वाचन केल्यावर तें उत्तर अपुरें आहे असें दिसून आलें. डोंगर हें एक कारण खरें. परंतु अधिक विचारणीय कारण निराळेंच आहे, आणि त्याच्या मर्यादाही तितक्याच विचारणीय आहेत.

पिरेनीजची रांग पश्चिमेस बिस्केच्या उपसागराकडे उतरत जाते. तेथें तिच्या दोन्ही अंगांस बास्क लोकांची वस्ती आहे. त्यांच्या भाषेचें नातें युरोपांतील लॅटिन, जर्मन, केल्टिक यांपैकीं कोणत्याही कुळाशीं जुळत नाहीं. ज्या विशाल कुटुंबांत संस्कृत व आपली मराठी मोडतात, त्याच्याही ती बाहेरची आहे. या लोकांचें मुख्य नगर पांप्लोना. रोमन सेनापति पाँपी यानें ख्रिस्तपूर्व ७५ च्या सुमारास येथें तळ दिला, त्याच्याच नांवावरून हें नांव पडलें. बास्क लोक त्यास इरुन्या म्हणतात. फ्रान्समधून स्पेनमध्यें उतरण्याची एक प्रमुख वाट रोन्सेव्हॉच्या खिंडींतून याच नगरावरून जाते, आणि नाव्हारचें भाग्य व दुर्भाग्य हीं दोन्ही या वाटेनेंच आलीं आहेत. ७७८ सालीं शार्लमेन स्पेनमधून परततांना त्यानें पांप्लोनाचे तट पाडले, लगेच ता. १५ आगस्ट रोजीं खिंडींत दबा धरून बसलेल्या बास्कांनीं त्याची पिछाडी कापून काढिली. तींत ब्रिटनीच्या सीमेचा अधिकारी रोलँड पडला. पुढें फ्रेंच भाटांनीं या प्रसंगावर जें प्रसिद्ध वीरकाव्य रचिलें, त्यांत मारेकरी मुसलमान ठरविले गेले, आणि बास्कांचें नांव सुद्धां उरलें नाहीं. दुर्बळांचा पराजय विसरला जातो हें आपण जाणतों. येथें त्यांचा विजयही दुसऱ्याच्या खातीं पडला.

८२४ सालीं त्याच खिंडींत आणखी एका फ्रँकिश सैन्याचा पराभव झाला, आणि इन्यिगो आरिस्ता हा पांप्लोनाचा पहिला राजा झाला अशी परंपरा आहे. उत्तरेस ख्रिस्ती फ्रँक, दक्षिणेस कॉर्दोव्हाचे मुसलमान अमीर. या दोहोंच्या मध्यें उभें राहावयाचें म्हणजे धर्मापेक्षां नात्यागोत्यावर भिस्त ठेवणें प्राप्त होतें. एब्रो नदीच्या खोऱ्यांतील बानू कासी घराण्याचा बलाढ्य मुसलमान सरदार मूसा हा आरिस्ताचा एका आईचा भाऊ होता. आरिस्ताचा नातू फोर्तून पुष्कळ वर्षें कॉर्दोव्हास ओलीस राहिला, व त्याची कन्या ओनेका अमिराच्या घरांत दिली गेली. सुप्रसिद्ध खलीफा तिसरा अब्दुर्रहमान हा तिचा नातू. ९०५ सालीं दुसरें घराणें गादीवर आलें, तरी हा धागा तुटला नाहीं. ओनेकेला दुसऱ्या पतीपासून झालेल्या मुलीची मुलगी म्हणा वा खुद्द मुलगी म्हणा, असा घोळ येथें नाहीं. राणी तोदा ही ओनेकेचीच कन्या, म्हणजे खलीफाची आत्या होती. ९२४ सालीं या भाच्यानें पांप्लोना लुटून जाळली; तरी ९५८ च्या सुमारास तीच आत्या, आतां वृद्ध झालेली, आपल्या नातवास घेऊन कॉर्दोव्हास गेली. नातू लेऑनचा पदच्युत राजा सांचो. स्थूलपणामुळें त्यास घोड्यावरही बसवेना. खलीफाच्या दरबारचा यहुदी वैद्य हसदाई यानें त्यास हलका केला, व खलीफाच्या फौजेनें त्यास गादीवर बसविलें. ख्रिस्ती आजी, मुसलमान भाचा व यहुदी वैद्य यांनीं मिळून एक राज्य परत मिळविलें, ही गोष्ट त्या काळाच्या स्पेनविषयीं पुष्कळ कांहीं सांगून जाते.

राज्याचा परमोत्कर्ष तिसऱ्या सांचोच्या कारकीर्दींत झाला. १००४ पासून १०३५ पर्यंत त्यानें राज्य केलें, आणि अखेरीस आरागॉनपासून लेऑन शहरापर्यंत ख्रिस्ती स्पेनचा मोठा भाग त्याच्या हातीं होता. त्यास ‘थोर’ हें विशेषण लाविलें जातें तें योग्यच. परंतु त्याच्यामागें मुलांत वांटणी झाली: पांप्लोना गार्सियास, कॅस्टील फर्नांदोस, आरागॉन रामीरोस, आणि पूर्वेकडील लहान परगणे गोंझालोस. पुढें ज्या दोन राज्यांनीं नाव्हारला दोहोंकडून दाबलें, तीं दोन्ही या वांटणींत वाढीस लागलीं. १०५४ सालीं आतापुएर्काच्या रणांत गार्सिया आपल्या सख्ख्या भावाच्या सैन्याकडून मारला गेला. १०७६ सालीं त्याच्या मुलास त्याच्याच भावंडांनीं पेन्यालेन येथील कड्यावरून लोटून दिलें. तेव्हां कॅस्टीलनें एका बाजूचा लचका तोडला आणि आरागॉनच्या राजानें पांप्लोनाचा मुकुट आपल्या डोक्यावर चढविला. १०३५ सालीं जें घराणें सर्वांवर वर्चस्व गाजवीत होतें, त्याच्या मूळ पीठाचें स्वातंत्र्य चाळीस वर्षांत नाहींसें झालें.

आरागॉनचा राजा आल्फोन्सो ११३४ सालीं निपुत्रिक वारला. त्यानें आपलीं राज्यें देवस्थानास जमिनी द्याव्या त्याप्रमाणें धर्मयोद्ध्यांच्या संघांस मृत्युपत्रानें देऊन टाकिलीं होतीं. पांप्लोनाच्या सरदारांनीं व धर्माधिकाऱ्यांनीं तें मानिलें नाहीं. त्यांनीं जुन्या घराण्यांतील गार्सिया रामीरेझ यास राजा निवडिलें. पोपानें त्यास राजा म्हणण्याचें नाकारिलें, तरी त्यांनीं आपला हट्ट सोडिला नाहीं. राजा देणारा कोण, हा प्रश्न येथें प्रथम स्पष्टपणें उभा राहिला, आणि देशानें त्याचें उत्तर आपल्या परीनें दिलें. त्याचा पुत्र ‘शहाणा’ सांचो यानें ११६२ सालीं ‘पांप्लोनाच्या लोकांचा राजा’ हें जुनें बिरुद टाकून ‘नाव्हारचा राजा’ हें नांव धारण केलें. आजवर तो एका जमातीचा नायक होता. आतां एका भूमीचा व तींतील सर्व रहिवाशांचा राजा झाला. त्याच्याच वेळच्या ११६७ च्या एका लॅटिन दस्तऐवजांत बास्क भाषेस ‘नाव्हारी लोकांची भाषा’ म्हटलें आहे. तथापि तो दस्तऐवज लॅटिनमध्यें आहे, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. बहुसंख्य प्रजेची भाषा दरबारच्या कागदावर चढली नाहीं. लॅटिनची जागा पुढें घेतली ती लॅटिनच्याच एका देशी कन्येनें.

शहाण्याचा मुलगा ‘बलवान’ सांचो. त्याच्या बहिणीचा, बेरेंगारियेचा, विवाह ११९१ सालीं सायप्रस बेटांत इंग्लंडच्या सिंहहृदय रिचर्डशीं झाला. पण इंग्रजी सोयरीक उपयोगी पडली नाहीं. ११९९ व १२०० या दोन सालांत कॅस्टीलनें व्हितोरिया व समुद्रकांठचा गिपुझ्कोआ प्रांत घेतला, आणि नाव्हारचा समुद्र कायमचा तुटला. १२१२ सालीं लास नाव्हास दे तोलोसा येथें मुसलमानांविरुद्ध झालेल्या मोठ्या लढाईंत हाच सांचो त्याच कॅस्टीलच्या राजाशेजारीं लढला. नाव्हारच्या ढालीवरील सांखळ्या त्या दिवशीं खलीफाच्या डेऱ्याभोंवतालून तोडून आणिलेल्या, असें लोक सांगतात. इतिहासकार तिला आख्यायिका समजतात.

१२३४ सालीं सांचो निपुत्रिक वारला व त्याच्या दुसऱ्या बहिणीचा मुलगा, फ्रान्समधील शांपेन प्रांताचा सरदार तिबो, गादीवर आला. गृहस्थ उत्तम कवि होता. पण परका होता. त्याला येथील भाषा, चालीरीति, वतनें कशाचीच माहिती नव्हती, आणि बरोबर स्वतःचे कारभारी होते. तेव्हां सरदारांशीं त्याचे खटके उडूं लागले व राजाचे हक्क कोणते आणि देशाचे कोणते हें लिहून काढण्यासाठीं १२३८ सालीं सरदार, स्वार व धर्माधिकारी यांची एक समिति नेमावी लागली. तींतून जें लेखन झालें तेंच पुढें वाढून नाव्हारचा सामान्य ‘फुएरो’ झाला. फुएरो या शब्दांत कायदा, वहिवाट आणि सनद या तिन्ही कल्पना मिसळलेल्या आहेत.

या फुएरोच्या आरंभींच राजा कसा करावा हें सांगितलें आहे. राजानें गादीवर येण्यापूर्वीं शपथ घ्यावी कीं, मी देशाचे कायदे पाळीन, ते सुधारीन, बिघडविणार नाहीं. आणि झालेले अन्याय दूर करीन. युद्ध, तह किंवा दुसरें मोठें कार्य त्यानें देशांतील बारा श्रेष्ठ वा शहाण्या पुरुषांच्या सल्ल्यावांचून करूं नये. परदेशी मनुष्यांस पांचांपेक्षां अधिक अधिकार देऊं नयेत. आदल्या रात्रीं त्यानें देवालयांत जागरण करावें, सकाळीं प्रार्थना ऐकावी, आणि मग ढालीवर उभें राहावें. ती ढाल सरदारांनीं उचलून धरावी व सर्वांनीं त्रिवार राजघोष करावा. त्यानें लोकांवर नाणीं उधळावीं, आणि आपली तरवार स्वतःच्या हातानें कमरेस बांधावी; कारण त्याच्यावर दुसरा कोणी ऐहिक राजा नाहीं. या विधींतील क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम शपथ, मग ढाल. शपथ घेणारा अजून राजा नाहीं, आणि ढाल उचलणारे हात त्याचे नाहींत. ज्या देशास दर दोन पिढ्यांनीं परका राजा पत्करावा लागे, त्यानें आपलें देशपण राजाच्या रक्तांत न ठेवितां कायद्यांत ठेविलें. माझ्या विद्यार्थ्यास देण्याचें अधिक चांगलें उत्तर तें हेंच होतें.

या तत्त्वाची परीक्षा लौकरच झाली. तिबोच्या नातीचें, पहिल्या जोनचें, लग्न १२८४ मध्यें फ्रान्सच्या राजपुत्राशीं झालें, आणि नाव्हार फ्रान्सच्या राजघराण्याकडे गेलें. १३१६ मध्यें तिचा मुलगा लुई वारला तेव्हां त्याची मुलगी, दुसरी जोन, चार वर्षांची होती. स्त्रीस फ्रान्सचें सिंहासन मिळत नाहीं असें पॅरिसमध्यें ठरलें आणि तिचे चुलते एकामागून एक फ्रान्स व नाव्हार दोन्ही बळकावून बसले. १३२८ सालीं दुसरा चुलताही निपुत्रिक वारला. तेव्हां नाव्हारच्या सभेनें फ्रेंच सुभेदारास काढून टाकिलें व आपला कायदा स्त्रीस वारसा नाकारीत नाहीं असें ठरवून जोनला बोलाविलें. ता. ५ मार्च १३२९ रोजीं पांप्लोनामध्यें तिचा व तिचा पति फिलिप याचा राज्याभिषेक झाला, तोही दोघांकडून शपथ घेऊन. जी राजकन्या पॅरिसमध्यें अपात्र ठरली, तीच पांप्लोनामध्यें राणी झाली. परंतु याच कथेचें दुसरें पान झांकून ठेवितां येत नाहीं. राजा मेला होता, नवा यावयाचा होता. त्या मधल्या काळांत, मार्च १३२८ मध्यें, एस्तेया व इतर गांवांतील यहुदी वस्त्यांवर जमाव तुटून पडले व मोठी कत्तल झाली. यहुदी हे राजाच्या आश्रयाचे. देशाच्या शपथेंत त्यांचा वाटा नव्हता. कायदा राजापूर्वींचा असला तरी तो सर्वांचा होता असें मात्र नाहीं.

जोनचा नातू तिसरा चार्लस् (१३८७–१४२५) हा नाव्हारच्या राजांत सर्वांत लोकप्रिय म्हणावा लागेल. त्याचे पूर्वज फ्रान्समध्यें जहागिरींसाठीं भांडत राहिले. तो घरीं राहिला. ओलितें येथें त्यानें रम्य राजवाडा बांधिला. पांप्लोनामध्यें तीन निरनिराळीं नगरें एकमेकांशीं पिढ्यान् पिढ्या हातघाईवर येत असत. त्यांस १४२३ च्या सनदेनें त्यानें एक केलें. परंतु त्याची मुलगी ब्लांका १४४१ सालीं वारली, आणि तिचा पति आरागॉनचा हुआन यानें मुलाच्या हक्काचा मुकुट सोडिला नाहीं. आईनेंच मृत्युपत्रांत मुलास, बापाच्या संमतीवांचून राजपद धारण करूं नकोस, अशी विनंति करून ठेविली होती. १४५१ पासून बापलेकांत लढाई जुंपली. आग्रामोंत व बोमोंत या दोन सरदार-घराण्यांच्या तटांत सारा देश विभागला गेला. पुत्र, व्हियानाचा राजपुत्र चार्लस्, हा विद्वान मनुष्य होता. नाव्हारच्या राजांची बखर त्यानें स्वतः लिहिली. तो १४६१ सालीं वारला, पण तट मेले नाहींत. शपथ राजास बांधीत होती. सरदारांस एकमेकांशीं बांधणारें कांहींच नव्हतें.

म्हणूनच जुलै १५१२ मध्यें आरागॉनच्या फर्डिनंडनें आल्बाच्या ड्यूकला सैन्य देऊन पाठविलें, तेव्हां बोमोंत पक्षाचे नाव्हारी लोकच त्याच्या आघाडीस होते. राणी कॅथरिन व तिचा पति जाँ दाल्ब्रे उत्तरेकडे निघून गेलीं. ता. २५ जुलै रोजीं पांप्लोना शरण आली. हल्ला सुरू होऊन पुरते पांच दिवसही लोटले नव्हते. यापुढील घटना मात्र नाव्हारखेरीज इतरत्र क्वचितच घडली असेल. १५१३ सालीं देशाची सभा भरली, तींत बोमोंत पक्षाचेच लोक होते. आणि विजेत्याच्या वतीनें त्याच्या प्रतिनिधीनें फुएरो पाळण्याची शपथ घेतली. १५१५ सालीं राज्य कॅस्टीलच्या मुकुटास जोडलें गेलें, तेंही सभा, न्यायमंडळ व कायदे कायम ठेवून. शपथेनें राजा बांधला जातो. पण तो राजा कोण असावा हें ती सांगत नाहीं. तिबोसारख्या परक्यास आपलासा करून घेण्यासाठीं जें साधन घडविलें, त्याच साधनानें तरवारीनें आलेला परकाही कायदेशीर झाला. नाव्हारच्या संस्थेचें बळ आणि तिची उणीव या एकाच प्रसंगांत दिसून येतात.

जे हें मानावयास तयार नव्हते त्यांत झेवियरचें घराणें होतें. १५१६ सालीं त्यांच्या गढीचे बुरूज पाडले गेले. १५२१ च्या मे महिन्यांत फ्रेंच मदतीनें नाव्हारी सैन्यानें पांप्लोना परत घेतली; तेव्हां किल्ला लढविणाऱ्या कॅस्टीलच्या पक्षांतील एका बास्क योद्ध्याचा पाय तोफेच्या गोळ्यानें मोडला. त्याचें नांव इग्नेशियस लोयोला. झेवियरचे दोघे भाऊ दुसऱ्या बाजूनें लढत होते. जूनच्या अखेरीस नोआइनच्या रणांत ती आशा मावळली, आणि भावांस १५२४ मध्यें माफी मिळाली. पुढच्याच वर्षीं धाकटा फ्रान्सिस विद्येसाठीं पॅरिसला गेला व तेथें लंगडत चालणाऱ्या त्याच लोयोलाचा शिष्य झाला. एका बुडालेल्या राज्याच्या दोन बाजू अशा रीतीनें एका खोलींत भेटल्या, आणि त्यांतील एक वाट गोव्यापर्यंत आली.

पर्वताच्या उत्तरेकडील लहानशा तुकड्यांत कॅथरिनचा वंश राज्य करीत राहिला. तेथील राणी तिसरी जोन हिच्या आश्रयानें १५७१ सालीं बायबलच्या नव्या कराराचें बास्क भाषांतर छापलें गेलें. दरबारानें प्रजेच्या भाषेकडे पाहिलें तें राज्याचा बहुतेक भाग गेल्यावर. तिचा पुत्र हेन्री १५८९ मध्यें फ्रान्सचा राजा झाला, व १६२० मध्यें तो तुकडा फ्रान्समध्यें विलीन झाला. दक्षिणेकडे मात्र सभा भरत राहिली. माद्रिदहून आलेला हुकूम देशाच्या कायद्याविरुद्ध नाहीं असें नाव्हारच्या राजमंडळानें ठरविल्यावांचून तो अमलांत येत नसे. एब्रोवरचें जकातनाकेंही तसेंच राहिलें. शेवटीं १८४१ च्या कायद्यानें राज्य हें नांव जाऊन तो स्पेनचा एक प्रांत झाला. तरी कर आपणच बसवावे व वसूल करावे आणि ठरलेला हिस्सा माद्रिदला द्यावा, हा हक्क उरला, आणि तो अजून चालू आहे.

मग नाव्हार टिकलें म्हणावें कीं बुडालें? राजवंशाच्या दृष्टीनें पाहिलें तर तें १५१२ मध्यें बुडालें. परंतु सांचोच्या विशाल राज्याचें आज नांवच उरलें आहे, आणि तिबोच्या हट्टामुळें लिहिल्या गेलेल्या कायद्याचा वंश मात्र जिवंत आहे. १९८२ सालीं स्पेनमध्यें लोकशाही आल्यावर नाव्हारच्या स्वायत्ततेचा जो कायदा झाला, त्याच्या नांवांत ‘फुएरोची सुधारणा’ असाच शब्द आहे. ढालीवर चढण्यापूर्वीं राजानें ज्या क्रियापदाची शपथ घ्यावयाची, तेंच तें क्रियापद. मुलुख जिंकणाऱ्या राजापेक्षां राजास अट घालणारी प्रजा अधिक काळ जगते, एवढें नाव्हारवरून म्हणतां येईल. ती अट आपसांतल्या फुटीवर औषध नाहीं, आणि तिच्या बाहेर ठेविलेल्या एस्तेयाच्या यहुद्यांस तिनें वांचविलें नाहीं, हेंही त्याबरोबरच म्हटलें पाहिजे. पुढच्या वेळीं कोणी विद्यार्थ्यानें तोच प्रश्न विचारला, तर डोंगरांची सबब न सांगतां त्यास हीं दोन्ही उत्तरें द्यावीं, असा माझा विचार आहे.